उलटा बाण

पुंता अरेनासचा वारा दार उघडत नाही, उपटतो.
म्हणून शटर अर्ध्यावर ओढून
मी ओफेलिया मान्सियाच्या पावाच्या गाडीचं इंजिन उघडलं.
सकाळचे नऊ, बाहेर मिट्ट काळोख.
जूनमध्ये इथे सूर्य दहाला उगवतो
आणि पाच वाजले की कंटाळतो.

"टकटक करते," ती म्हणाली होती,
"चढावर तर मागचे पावसुद्धा ऐकतात."

पहिला सिलिंडर वरच्या टोकाला आणला.
चेनच्या दोन कड्यांवर नेलपॉलिशचे ठिपके दिले,
आईची बाटली, अजून वाळलेली नाही.
ताण सोडला. मग टोप्या,
बाहेरून आत, बाहेरून आत,
दर बोल्टाला पाव फेरा, परत पाव फेरा,
कारण खाली स्प्रिंगा दबा धरून बसलेल्या असतात
आणि शाफ्ट म्हणजे मोडेन पण वाकणार नाही अशी जात.
(हे बाबांचं. आईच्या भावाबद्दलही ते हेच म्हणत.)

टोप्या जशा उचलल्या तशाच
अंड्यांच्या खोक्यात मांडल्या, आकड्यांप्रमाणे.
काजळी पुसली.
नऊ बाण चेनकडे.
एक माझ्याकडे.

एक्झॉस्टची, तिसरी.
कडेला पंचने ठोकलेले दोन ठिपके,
बाबांची सही.

शाफ्ट ठोकळ्यांवर ठेवून फिरवला,
डायलची सुई जेमतेम हलली.
आठही लोब मापले.
मायक्रोमीटर मुठीत धरायचा नसतो,
मुठीची ऊब आकड्यात शिरते.
लोब ठीक.
तिसऱ्या जर्नलवरून नख फिरवलं.
नख अडलं.

बिलबुकं फळीवर, वर्षावार.
सापडलं: दोन वर्षांपूर्वी, तेवीस मे, मान्सिया, पावाची गाडी.
सातांना कमरेत आडवी रेघ, नेहमीसारखी.
फक्त सही जरा रुंद.

डॉक्टरांच्या कागदावर आहे:
हाताला कंप, सुरुवात ऑक्टोबर.
टोपी म्हणते, मे.

जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर.
मी याच बाकावर होते. त्यांच्या डाव्या अंगाला.
रेडिओ लावून.

अकराच्या सुमाराला ते आले,
मातेचा पेला दोन्ही हातांत, तरी बाहीवर ओघळ.
"काय निघालं, नेवेंका?"
"तिसऱ्याला ओरखडे."
"कुणी केलं होतं काम?"
शटर वाऱ्याने वाजलं, मी त्याला वाजू दिलं.
"बिल सापडत नाही."

पेला ठेवून त्यांनी खोक्यातली नेमकी तीच उचलली.
अंगठा ठिपक्यांवर थांबला.
बाण त्यांच्या हातात इकडे तिकडे दिशा दाखवत राहिला,
समुद्राकडे, रेडिओकडे, माझ्याकडे,
मग त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरून पुढे केला.
"असा लाव," म्हणाले.
एवढंच.

बारीक कागदाने जर्नल घासलं, धुतलं.
मापाचा मेणाचा धागा आडवा ठेवला,
टोपी आवळली, परत काढली.
चेपलेला धागा कागदी पट्टीशी लावून बघायचा असतो.
"बाबा, वाचता का? मला चष्मा लागणार बहुतेक."
मला चष्मा लागणार नाही, हे त्यांना माहीत आहे.
वाकून, नाक जवळजवळ तेलात घालून
त्यांनी आकडा वाचला.
हद्दीत. काठावर, पण हद्दीत.

मग तेल, भरपूर.
शाफ्ट सपाट उतरवला, खुंटी वर,
नेलपॉलिश नेलपॉलिशसमोर.
आता मधून बाहेर, मधून बाहेर,
पाना टक् म्हणेपर्यंत, त्यापुढे नाही.
चावी लावायच्या आधी क्रँक हाताने दोन फेरे फिरवला.
कुठे काही अडलं नाही.

पहाटे ओफेलिया आली. गाडी लागली,
पाव आता स्वतःशीच बोलतील असं काहीतरी म्हणाली.
बिल उलटसुलट केलं.
"आणि मजुरी?"

"आमचंच जुनं काम होतं," मी म्हटलं,
"थोडं राहिलं होतं."