बजावणी

सतरा वर्षं समन्स बजावतोय.
दार वाजवायच्या आधी मी चपला मोजतो.
बाहेर चार जोड, आणि आतून बाई सांगते,
"घरी कुणी नाही हो."
मी वाद घालत नाही.
पिशवीत खळीची डबी असते,
कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला पंच म्हणून सही करतो,
दुसरा पंच जो रिकामा असेल तो.
कागद दारावर डकवला की कायदा घरात शिरला
असं धरायचं.

मग ते वर्ष आलं.
अख्खं पुणं पहिल्यांदाच घरी सापडलं असतं,
सगळ्या चपला जागच्या जागी,
आणि मलाच बाहेर पडायला बंदी.
शिवाजीनगरला कोर्टाच्या फाटकाला साखळी.
स्टॅम्प विकणारे, झेरॉक्सवाले,
वडाखालच्या खुर्चीतले गिजरे टायपिस्ट,
"येणेप्रमाणे सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की" हे
डोळे मिटून टाइप करणारे,
कुणी नाही.

हुकूम आला : समन्स व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा.
दोन रेघा निळ्या झाल्या की बजावणी झाली.
मी घरी मोरीजवळ बसून
(तिथंच रेंज येते)
लोकांच्या निळ्या होण्याची वाट बघायचो.
शहाणे होते ते निळा रंगच बंद करून ठेवायचे.
त्यांच्या चपला मला दिसायच्या नाहीत.

कौशल्या अवघडे, कासेवाडी, पोटगीचा अर्ज.
तिच्या नावापुढे नंबर होता
तो नवऱ्याचाच निघाला.
त्यानंच उचलला, म्हणाला, "ती नाहीये इथं."
ती कुठं आहे ते त्याला माहीत होतं,
मलाही.
भावाच्या खोलीत, पत्र्यांच्या पलीकडं.

तारखेला पास घेऊन गेलो.
गल्लीच्या तोंडाशी पत्रे उभे ठोकलेले,
मध्ये चार बोटांची फट.
फटीतून फोन जाईना, म्हणून पत्र्यावरून हात वर केला
आणि फोन पलीकडं वाकवून धरला.
पत्रा उन्हानं तापलेला. मे महिना.
खोटं कशाला बोलू, हे माझं काम नव्हतं.
माझं काम कागद देण्यापुरतं,
कुणाची बाजू घ्यायची नाही, ताकही प्यायचं नाही.

साहेब घरूनच. मागं कपाट, देवाचं कॅलेंडर.
तिचं म्हणणं सुरू झालं तेवढ्यात
साहेबांच्या घरात कुकरची शिट्टी झाली.
फटीतून पाहिलं : कौशल्यानं सवयीनं मागं वळून बघितलं.
तिचा गॅस संपून नऊ दिवस झाले होते.
मग तीच हसली, आणि पुढचं सगळं
एका दमात बोलली. वकील लागला नाही.

साहेब म्हणाले, "फोन कुणी धरलाय?"
"बेलिफ, साहेब."
"तुम्ही अर्जदारातर्फे आहात का?"
"नाही साहेब. हात दुखतोय फक्त."
साहेबांचे ओठ हलत राहिले, आवाज नाही.
म्यूटवर होते की कायद्यात तेवढी जागा नव्हती,
अजून कळलेलं नाही.

दरमहा तीन हजार, अंतरिम.
रोजनाम्यात एवढंच : अर्जदार हजर.
पत्र्याची नोंद नाही. कुकरची नाही.

आता सगळं उघडलंय.
वडाखाली गिजऱ्यांच्या जागी
त्यांचा पुतण्या लॅपटॉप घेऊन बसतो,
सत्यप्रतिज्ञा आधीच टाइप करून ठेवलेली,
फक्त नाव बदलतो.
कौशल्याचे तीन हजार दोनदा आले, मग बंद.
वसुलीचा अर्ज माझ्याकडंच आला.
मी गेलो, चपला मोजल्या, एक जोड. दार उघडलं नाही.
खळ लावून आलो.

आज तिची तारीख.
शिपाई दारात येऊन ओरडला,
"कौशल्या अवघडे हाऽजिर?"
ती बाकावरून उठली, पदर सारखा केला,
आणि जाताना माझ्याकडं बघून
मागच्यासारखीच हसली.
माझा उजवा हात खांद्यापर्यंत वर गेला होता.
खाली घेतला.