सहीचा रकाना

साखर पेठेत, दोन पॉवरलूमच्या मधल्या खोलीत
मी प्रश्नावली उघडली.
एकशे बारा कामं, प्रत्येकापुढे तीन चौकोन:
किती वेळा, किती अवघड, किती महत्त्वाचं.
वर दोन ट्रेड एक करायचे चाललेत,
पॅराशूटची घडी घालणारा
आणि तंबू-ताडपत्री शिवणारा.
कापड दोन्हीकडे आहेच, असं टिपणीत होतं.
टिपणी माझीच.

हवालदार मल्लेशम बोद्दुल, निवृत्त,
मोठ्यानं बोलत होते, भिंतीपलीकडच्या मागावरून.
"आवाज होतोय का? मला तर तो थांबला की
काही सुचत नाही बघा."

काम एकोणचाळीस: दोऱ्यांचा गुंता तपासणे.
किती मिनिटं?
त्यांनी हात पुढे केले,
नसलेल्या दोऱ्या बोटांवरून सोडत गेले, एकेक.
मधेच एका जागी अंगठा थांबला.
मी घड्याळ पाहत होतो, आकडा लिहायचा राहिला.

"वडील मिलमध्ये. दोन मागांचे चार केले तेव्हा
असाच एक साहेब वही घेऊन उभा होता.
भला माणूस. चहा पाजला त्यानं.
चालवले की ओ चार, जमलं.
तुटलेला धागा तेवढा
वीतभर कापड पुढं गेल्यावर दिसायचा."

मला वाटलं, आता म्हणतील, करू नका.

"करा की एक. पोरं हुशार हायत, शिकतील दोन्ही.
पण सकाळी ताडपत्री शिवलेल्या हाताला
दुपारी छत्री देऊ नका.
जाड सुईनं बोट बधिर होतं.
बधिर बोटाला गुंता लागत नाही."

बोटासाठी चौकोन नव्हता.

"आणि सही. प्रत्येक घडीला, घालणाऱ्याची.
अकरा हजार असतील माझ्या.
उघडली नाही म्हणून तक्रार घेऊन
एकही गडी परत आला नाही."
पलटणीतला जुना विनोद. ते हसले नाहीत.
"कधी कधी आमचीच घडी आमच्याच पाठीवर बांधायचे,
आणि म्हणायचे, मार उडी."

मग माझा कागद उलटा करून पाहिला,
पुन्हा सुलटा.
"ह्याच्यावर तुमची सही कुठं हाय?"

यादम्मांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणून ठेवली.
मी समासात, पेनानं,
एकशे तेरावी ओळ आखू लागलो.
तेवढ्यात पलीकडचा माग थांबला.
ते उठले, भिंतीला कान लावला.
"धागा गेला," म्हणाले,
आणि चप्पल न घालताच बाहेर पडले.