मागची बाजू

मुत्राहच्या भंगारवाल्याला बारा रियाल मोजून
पाटी उचलली:
हिरवी मोटार, उजवीकडून निघालेली अक्षरं,
खाली पाच आकडी फोन.
शोरूम कधीच गेलं. तिथे आता मोबाइलची कव्हरं.

रुवीच्या खोलीत आधीच्या सात पाट्या,
टायरच्या आकाराचा ॲशट्रे.
बायको म्हणते, गाडी एक नाही,
दुकान मात्र मांडलंय.

घासलेटाने मागचा गंज पुसताना
पेन्सिल वर आली. देवनागरी.
‘लाल डबा अर्धा उरला.
अक्षरं चित्र समजून काढली, वाचता येत नाहीत.
येणे बाकी सात.
आरोलकर, शिरोडा.’

तेव्हापासून मोटार भिंतीकडे तोंड करून आहे.
परवा एक शौकीन आला,
किंमत विचारू लागला.
म्हटलं, हिच्यावर अजून
सात रियाल येणे आहे.