अकरा पौंड

मार्च सरत आला की मी वह्या काढते.
चाळीस वर्षं मासळीच्या लिलावघरात आकडे लिहिले:
हॅडकच्या पेट्या, बर्फ, डिझेल.
आता या घराचे लिहिते, ज्याचा पत्ता
आम्ही पावतीवरसुद्धा छापत नाही.
अबर्डीनच्या उत्तरेला, समुद्र ऐकू येतो,
एवढंच सांगते.

जमा.
चर्चच्या बायकांनी सूप विकलं, दोनशे सहा पौंड.
जुन्या कपड्यांचं दुकान; यंदा एका मयताचे सात सूट आले,
प्रत्येक खिशात पेपरमिंट.
शाळेतल्या पोरांनी फेब्रुवारीच्या पाण्यात उड्या मारल्या.
त्यातला एक मागाहून आला, ओठ अजून निळे,
म्हणाला, किती उड्यांची एक रात्र होते?
अडतीस, मी म्हटलं.
खरं तर मला ठाऊक नव्हतं.
आणि एडिनबरातला मोठा ट्रस्ट, तीन वर्षांचा करार,
त्याचं हे दुसरं वर्ष.
दुसरं वर्ष म्हणजे पाय वाळूला टेकलेत
आणि भरतीची वेळ माहीत आहे.

खर्च.
कुलपं एकोणीस. त्यातली तीन एकाच दाराची,
कारण किल्ल्या करणारा तिच्या नवऱ्याचा मेहुणा निघाला.
परगावच्या शाळेचे गणवेश.
कुत्रा सांभाळायचे, दर आठवड्याला,
एल्स्पेथ त्याच्याशिवाय घर सोडेना,
तिच्या वाटचा मार त्यानेही खाल्लेला.
इशबेलचा पगार. ती रात्रीच्या फोनवर बसते.
फोन वाजतो, ती उचलते, पलीकडे कुणी बोलत नाही.
ती ठेवत नाही.
चाळीस मिनिटं दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातला फ्रिज ऐकते.
याला कुठलं खातं?
मी ‘दूरध्वनी’ लिहिते.
टॅक्सी. टॅक्सी. टॅक्सी.

ट्रस्टच्या फॉर्मवर एक चौकोन असतो:
प्रतिबंध. यंदा किती घटना टळल्या?
चौकोन नखाएवढा.
मॉरव्हेन धक्क्यावर जाते, बोटींवरच्या तरुण पोरांशी बोलायला,
किटलीभर चहा घेऊन. पोरं आधी दात काढतात.
एकजण हसत नाही, जाळ्याची तीच गाठ
सोडवतो, बांधतो, पुन्हा सोडवतो.
त्याच्या घरी त्या शनिवारी जे झालं नाही
त्याची पावती कुणाकडे मागू?
लिहिते: चहा, दूध, बिस्किटं. चौदा पौंड.

आणि दर महिन्याच्या तीन तारखेला, न चुकता,
अकरा पौंड. यु. कॉव.
दहा नाहीत, पंधरा नाहीत.
मला वाटायचं, असेल कुणी चिकट, हिशेबी माणूस.
परवा रद्दीत टाकण्याआधी जुन्या वह्या चाळल्या.
हिरव्या पुठ्ठ्याची, सत्त्याण्णवची,
कुणाचं तरी घाईतलं अक्षर:
यु., दोन मुलं, एक उशी. टॅक्सी, अकरा पौंड.

अगं बाई, ते कधीच फिटले.

आभाराचं पत्र पाठवायचा आमचा नियम आहे.
लेटरहेड घेतलं, ‘प्रिय’ लिहिलं.
मग आठवलं, पत्र घरी जातं,
आणि घरी ते कोण उघडतं
मला माहीत नाही.
कागद दुमडून वहीत ठेवला, त्याच पानावर.

शिल्लक चार हजार एकशे नऊ.
म्हणजे साधारण सहा आठवडे, थंडी पडली तर पाच.
खोल्या पाच, पाचही भरलेल्या, बैठकीत एक गादी.
पुढच्या मार्चचा विचार पुढच्या मार्चला करू
असं मी लिलावघरात कधी म्हटलं नसतं.

खाली गाडी थांबल्याचा आवाज.
आपला नेहमीचा ड्रायव्हर, जो काही विचारत नाही.
इशबेल जिन्यातून हाक मारते:
अठ्ठावीस झालेत, आणि मीटर चालू आहे,
ती अजून उतरत नाहीये.

चालू दे, मी म्हणते,
आणि पेटीतल्या नोटा मोजायला घेते.