घट

"भरा, भरा, भरा... आता फुंका!
फुंका फुंका फुंका, अजून, अजून, थांबू नका..."
परळच्या या तिसऱ्या मजल्यावर
दिवसातून चाळीस वेळा मी अशी ओरडते.
पडद्यावर वाढदिवसाच्या मेणबत्त्या आहेत,
खरं तर लहान मुलांसाठी.
मोरेश्वर वेदकांनी आठांतल्या पाच विझवल्या.

वय त्रेपन्न. वजन एकशे अठरा.
काट्यावर चढताना म्हणाले,
"जन्मभर गुंजा मोजल्या, हा काटा फारच ढोबळ."
फणसवाडीत दुकान. डाख लावायचं काम.
बत्तीस वर्षं तोंडात फुंकणी, समोर दिव्याची जीभ.

पुठ्ठ्याची नळी त्यांनी फिरवून फिरवून पाहिली.
"हिचं भोक मोठं. आमचं सुईएवढं.
आम्ही वारा गालात साठवतो, नाकानं घेत राहतो,
ज्योत हलू देत नाही."
मी नाकाला चिमटा लावला.

मग यंत्राचं म्हणणं
नेहमीच्या शब्दांत सांगितलं:
पोट खालून रेटतं, पडद्याला उतरायला जागा नाही,
साधा श्वास सोडल्यावर छातीत जी शिल्लक राहते
ती तुमची जवळजवळ संपलेली.
फुप्फुसं तशी चांगली आहेत हो.
"म्हणजे दुकान उघडं आणि गल्ला रिकामा."

दुपारी औषधाची वाफ, थोडी थोडी वाढवत.
पहिल्या मात्रेला काही नाही.
दुसरीला खोकला, कसनुसं हसू.
तिसरीला आकडा धाडकन खाली,
आणि छातीत कुठेतरी खोल
बारीक शीळ.
आधीच मिटत आलेल्या गल्ल्या त्या,
जरा धूर आला की
दारं लावून घेतात.

दोन पफ दिले. खुर्चीत बसवलं.
खिडकीतून पुलाच्या कामाची धूळ येत होती, ती बंद केली.
खूप वेळानं, पूर्ण वाक्य बोलण्याइतका दम आल्यावर, म्हणाले,
"सोनं आटवलं की घट येते, बाई.
ती वहीत मांडतात. नाही मांडली तर चोरी.
ही इतकी वर्षं कुणी मांडली नाही."
कागद छापून झाला होता. मी सही केली.

निघताना त्यांच्या बुटाची नाडी सुटलेली.
ते वाकले नाहीत,
नुसते तिच्याकडे बघत राहिले.
मग मीच खाली बसले.
बसताना माझाही श्वास पोटाशी अडला,
तो आवाज त्यांनी ऐकला असावा.
"सैल बांधा," म्हणाले,
"घाई नाही."