बाद गडी, आवृत्ती ३.२

रात्री साडेअकरा. भिलवडीत लाइट आहे तोवर
स्कोअरबोर्डचं प्लगिन उघडून बसलोय.
साइटनं काल स्वतःला अपडेट केलं
आणि मंडळाचे सगळे गुण शून्यावर.
शीतल चौगुलेचा तिसरा फोन:
"उद्या पलूसला सेमी हाय, काय तर कर."

नियम मीच लिहिलेला, सात ओळींचा.
समोरचा एक गडी मारला
की आपला एक बाद गडी जिवंत.
जो आधी बाद, तो आधी आत.

गुण परत आले. टेस्टला एक चढाई टाकली.
हिरवा ठिपका:
इलाही शिकलगार, उजवा कोपरा, जिवंत.

उरुसाच्या आदल्या दिवशी तो गेला तेव्हा
मी फक्त फोटोखालची ओळ बदलली होती.
डेटाबेसात हात घातला नव्हता.

शीतलला स्क्रीनशॉट पाठवला.
दोन निळ्या खुणा. बराच वेळ नुसतंच 'टायपिंग'.
मग: "काय घोटा धरायचा रं त्यो."
आणि मागोमाग: "उद्या सातच खेळणार हाईत. काढ."

ओळ सापडलीय.
कर्सर तिच्यापुढं लुकलुकतोय,
दम न सोडता.
नदीकडच्या मोटारी सुरू झाल्या,
आता कधीही लाइट जाईल.
सेव्ह केलेलं नाही अजून.