डावा खांदा

उद्यमनगरात आमची भट्टी.
पंपाचं केसिंग, इंजिनाचं हेड, कधी ट्रॉलीचा हूक.
देव ओतणारे वेगळे, आम्ही नव्हं,
हे मी कमिटीला तीनदा सांगितलं.
तरी ती माणसं गोणी घेऊन आली.
गल्लीतल्या बायकांनी दिलेली भांडी:
चेपलेलं घंगाळ, कान तुटलेली कळशी,
'चि. अक्काताईस मामाकडून' असं कोरलेला तांब्या,
एक निरांजन, काजळी अजून तशीच.
म्हणाले, बुवांची मूर्ती आहे. तू त्यांच्या हातचा मार खाल्लेला.

येसबाबुवा. मंगळवार पेठेत टेलर.
दिवसा मशीन, रात्री भजन,
मधल्या वेळेत आम्हा पोरांना बाराखडी.
माझी शाळेची पहिली चड्डी त्यांनी शिवली,
दोन बोटं जास्त सोडून. "वाढतंय पोरगं."
ओठांत टाचण्या धरलेल्या असायच्या.
"बुवा, ळ असाच का?" विचारलं
की टाचण्यांमागून नुसतं "हंऽ" यायचं.
होकार का नकार, ज्याचं त्यानं बघायचं.
पन्नास वर्षं मशीनवर वाकून
डावा खांदा उतरला होता,
जसं एखादं पोर बोटाला धरून
सारखं जत्रेकडं ओढतंय.

मेणाचा नमुना आला तो ताठ.
दोन्ही खांदे पाणसळीत.
कमिटीला तसाच हवा. संत वाकडा कसा चालंल?
रात्री भट्टीवर मी एकटा.
मेण कोमट केलं, अंगठ्यानं डावा खांदा दाबला.
एक सूत.
मग आणखी एक सूत.

ओतायच्या दिवशी बायका आल्या,
पदर नाकाला लावून लांब उभ्या.
मूस कलंडली तशी अक्काताई म्हणाल्या,
"माझा तांब्या कुठं गेला असंल रं?"
"उजव्या गुडघ्यात," मी म्हटलं.
मला काय माहीत!
पण त्या अजून देवळात गेल्या
की आधी उजव्या गुडघ्याकडं बघून हात जोडतात.

मग विधी. एक रात्र पाण्यात,
एक रात्र आजऱ्याच्या तांदळात गळ्यापर्यंत,
एक रात्र गादीवर, उशी, वर शाल.
बुवा जन्मभर चिंध्यांच्या गठ्ठ्यावर झोपले.
शेवटी सोन्याच्या काडीनं डोळे उघडले,
समोर आरसा धरला.
इथं प्राण येवोत, इथं जीव राहो,
भटजी म्हणत होते,
आणि मागं उभ्या मला एवढंच ठाऊक
की आत पोकळ आहे.
मातीचा गाभा मीच खरवडून काढलेला.
वीतभर अंधार, तळाला थोडी वाळू.
पंपाला आम्ही वर्षाची हमी देतो.
ह्याची कुणी मागितली नाही.

त्या दिवसापासून मूर्तीला हात लावायचा नाही.
नमस्कार उंबऱ्याबाहेरून. रीत आहे, मान्य.
अंगठ्याला मात्र आठवतं.

परवा कामावर जाताना डोकावलो.
नवा पुजारी, गडहिंग्लजकडचा, विशीतला.
बुवा गेले तेव्हा हा जन्मलाही नसंल.
उपरणं घालत होता. डावीकडून घसरलं.
परत घातलं, परत घसरलं.
"काका, मूर्तीत जरा खोट आहे बघा,
रोज ह्याच बाजूनं पडतंय."
मी गप्प.
त्यानं दोन टाचण्या घेतल्या, ओठांत धरल्या,
दोन्ही हातांनी निऱ्या जुळवायला लागला.
उष्ट्या टाचण्या देवाला चालत नाहीत,
सांगायला हवं होतं.
मी विचारलं, "आरती सातलाच का?"
मान वर न करता, टाचण्यांमागून
तो म्हणाला,
"हंऽ."

मी उंबऱ्याशी उभा,
हातात पाटी असल्यासारखा.